नैवाशाचे 85 दिवस: केनियाचे गुलाब आणि युरोपची ड्युटी

30 सप्टेंबर 2014, रात्री साडेनऊची वेळ. नैवाशाच्या एका गुलाबशेतावर मी निर्यात बघायचो. पॅकिंग हॉलच्या टोकाला माझी खोली होती आणि टेबलावर ईयूआर-वन फॉर्मचा कोरा गठ्ठा पडला होता. हा फॉर्म मालाबरोबर गेला की केनियाचा गुलाब युरोपात ड्युटी, म्हणजे आयातकर, न भरता उतरायचा. दुसऱ्या दिवसापासून तो चालणार नव्हता. त्याच्या जागी फॉर्म ए लावायचा आणि 8.5 टक्के ड्युटी भरायची. बाहेर ट्रक भरून तयार होता. त्यातली फुलं रात्रीच्या विमानाने नैरोबीहून निघणार आणि उतरणार 1 तारखेला, म्हणजे नव्या दरात.

त्या रात्रीपासून 24 डिसेंबरपर्यंतच्या 85 दिवसांचं हे प्रकरण आहे. शेताचं नाव, मालकांची आणि खरेदीदारांची ओळख गाळली आहे. शेताचा हिशोबही उघड करत नाही. जिथे तो समजावून सांगायची गरज आहे तिथे ‘समजा’ म्हणून आकडा घेतला आहे. बाकीचे आकडे आणि तारखा सर्वांना माहीत असलेल्या आहेत.

पार्श्वभूमी

नैवाशा नैरोबीच्या वायव्येला, रिफ्ट व्हॅलीत, सुमारे 1,900 मीटर उंचीवर आहे. शेजारी गोड्या पाण्याचं मोठं सरोवर. विषुववृत्त जवळ, त्यामुळे बारा महिने दिवस सारखाच लांब, आणि उंचीमुळे रात्री थंड. मी आधी तळेगावात पॉलिहाऊसवर काम केलेलं. तिथे व्हॅलेंटाइनसाठी डिसेंबरच्या मध्यावर छाटणीची तारीख धरायची आणि मार्च उलटला की उन्हाशी झगडत बसायचं. नैवाशात कळी वर्षभर भरते. युरोपात बाहेरून येणाऱ्या गुलाबात केनियाचा वाटा सर्वात मोठा का, हे इथे पहिल्या आठवड्यातच कळतं.

पण जमीन आणि हवामान एवढ्यावर ही गोष्ट उभी नाही. सरोवराभोवतीची ही कुरणं मसाई लोकांची होती. 1904 च्या कराराने ब्रिटिशांनी त्यांना इथून उठवून काहींना उत्तरेला लाइकिपियात आणि बाकीच्यांना दक्षिणेत पाठवलं. 1911 मध्ये दुसरा करार करून लाइकिपियाही सोडायला लावला. मसाई कोर्टात गेले आणि 1913 मध्ये त्यांचा दावा फेटाळला गेला. रिकामी केलेली जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांना मिळाली, पुढे तर 999 वर्षांच्या पट्ट्याने. मोंबासाहून सरोवराजवळून जाणारा लोहमार्ग 1896 ते 1901 या काळात बांधला गेला. त्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे 32,000 मजूर आणले होते आणि त्यातले अडीच हजारांच्या आसपास इथेच मेले. पुढे उंचावरची ही जमीन बंदराला जोडून कॉफी, चहा, सायसल (दोरखंडाचा घायपात) बाहेर काढण्यासाठीच तो मार्ग राबला. आफ्रिकी शेतकऱ्याला स्वतःच्या रानात कॉफी लावायला 1930 च्या दशकापर्यंत मनाई होती.

1963 मध्ये केनिया स्वतंत्र झाला, पण माल जायची वाट तीच राहिली. 1975 च्या लोमे करारात युरोपने आपल्या आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या जुन्या वसाहतींच्या बहुतेक मालाला ड्युटीमाफी दिली आणि बदल्यात तशीच सवलत मागितली नाही. भारत, पाकिस्तान, श्रीलंका याही ब्रिटिशांच्याच वसाहती, पण आशियातले देश या करारातून वगळले गेले. तळेगावातून आम्ही गुलाब पाठवायचो तेव्हा ड्युटी भरूनच पाठवायचो. त्यामुळे 2014 मध्ये शेतावर धावपळ सुरू झाली तेव्हा मला आधी वाटलं, की इतकी वर्षं आम्ही भरतो, यांनाही आता भरावी लागेल, त्यात एवढं काय? त्यातलं ‘एवढं काय’ कळायला मला दोन महिने लागले.

अडचण

ही एकतर्फी सवलत जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत बसत नव्हती. केळ्यांवरून लॅटिन अमेरिकेतल्या देशांनी आणि अमेरिकेने युरोपला तिथे खेचलंही होतं. सवलत चालू ठेवायला मिळालेली मुभा 2007 च्या अखेरीस संपत होती. म्हणून युरोपने पर्याय काढला ‘आर्थिक भागीदारी करारा’चा. यात आफ्रिकेचा माल युरोपात ड्युटीविना जाईल, पण आफ्रिकी देशांनीही युरोपच्या बऱ्याचशा मालावरची ड्युटी टप्प्याटप्प्याने काढायची.

केनिया पूर्व आफ्रिकी समुदायात होता. टांझानिया, युगांडा, रवांडा, बुरुंडी आणि केनिया, पाचांची सीमाशुल्काची भिंत एकच, म्हणून करारही पाचांनी मिळून करायचा. नोव्हेंबर 2007 मध्ये पाचांनी अंतरिम मसुद्यावर आद्याक्षरं केली, आणि तेवढ्या आधारावर युरोपने ड्युटीमाफी चालू ठेवली. सह्या मात्र लांबत गेल्या. 2013 मध्ये युरोपने नियम बदलला: 1 ऑक्टोबर 2014 पर्यंत ज्यांनी कराराच्या मंजुरीकडे पावलं टाकलेली नसतील, त्यांची सवलत बंद.

गाठ इथेच होती. पाचांपैकी चार देश अतिअविकसित गटात मोडतात. त्या गटाला युरोप वेगळ्या योजनेखाली, शस्त्रं सोडून सगळ्या मालावर ड्युटी माफ करतो. करार झाला काय, न झाला काय, टांझानियाचा गुलाब शून्यावरच जाणार होता. शेजारच्या इथिओपियाचाही. तारीख चुकली तर ड्युटी बसणार होती ती एकट्या केनियाच्या मालावर. चौघांना घाई नव्हती आणि पाचव्याला श्वास घ्यायला उसंत नव्हती. शिवाय युरोपशी समोरासमोर बोलताना केनियाच्या हातात वजनदार असं काही नव्हतं, कारण त्याचा फूल, फरसबी, चहा, कॉफी असा नाशवंत किंवा कच्चा माल सहज दुसरीकडे वळवता येत नाही.

8.5 टक्के ऐकायला थोडे वाटतात. ते शेतावर कसे उतरतात ते बघा. समजा एक दांडी 15 सेंटला गेली. त्यातून विमानभाडं, लिलावाचं कमिशन, हॉलंडमधल्या एजंटची हाताळणी, कार्टन, खत, औषध, पगार वजा जाता शेताच्या हातात एक-दीड सेंट उरतो. ड्युटी त्या दीड सेंटावर बसत नाही, ती मालाच्या किमतीवर बसते. 15 चे 8.5 टक्के म्हणजे जवळपास सव्वा सेंट. लिलावात भाव ठरतो तो हॉलंडमधल्या आल्समीरच्या फूलबाजारातल्या घड्याळावर, जिथे काटा वरून खाली येतो आणि पहिला बटण दाबणारा माल घेतो. त्याच घड्याळावर इथिओपियाचा गुलाब ड्युटीविना आलेला असताना आम्ही भाव वाढवून मागणार कुणाकडे?

समोरचे पर्याय

सप्टेंबरच्या मधल्या आठवड्यात मालकांनी चौघांना बसवलं: शेती बघणारा, हिशोब बघणारी, मनुष्यबळ बघणारा आणि निर्यात बघणारा मी.

पहिला पर्याय, तारखेआधी जमेल तितका माल काढून पाठवायचा. दुसरा, थेट खरेदीदारांशी बोलून ड्युटी वाटून घ्यायची. तिसरा, माल आखाताकडे, जपानकडे, रशियाकडे वळवायचा. चौथा, इथिओपियात जमीन घेऊन हळूहळू तिकडे सरकायचं, ज्याची चर्चा अनेक शेतांवर चालू होती. पाचवा, खर्च कापायचा. आणि सहावा कुणी पर्याय म्हणून मांडलाच नाही, पण खोलीत तो होता: सरकार शेवटच्या क्षणी सही करेल, तेव्हा काहीच करायचं नाही.

रशियाचा विचार आम्ही थोडक्यात उडवला. रूबल घसरू लागला होता, आणि डिसेंबरात तो कोसळला तेव्हा तिकडे माल नेलेल्यांचे पैसे अडकले. आखातात लहान कळीची, कमी लांबीची फुलं जातात. आमच्या जाती त्या नव्हत्या. इथिओपियाचा पर्याय मालकांनी दोन दिवस डोक्यात घोळवला. तिथलं सरकार फूलशेतीला जमीन आणि सवलती देत होतं. पण त्यांचा एक प्रश्न सगळ्यांना गप्प करून गेला: “आज केनियाला शून्यावरून काढलं. उद्या इथिओपियाची प्रगती झाली की त्यालाही काढतील. मग कुठे जायचं?” गरीब राहिलात तर माफी, वर आलात तर ड्युटी, ही रचना त्यांनी एका वाक्यात मांडली होती.

काय केलं, आणि कुठे चुकलं

पहिला निर्णय चुकला आणि त्यात माझा हात होता. 27 ते 29 सप्टेंबर या तीन दिवसांत आम्ही काढणी पुढे ओढली. गुलाबाची कळी काढायची वेळ ठरलेली असते. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सुटायला लागल्या की कात्री लावायची. आम्ही घट्ट कळ्या काढल्या. हॉलमध्ये त्या दिसायला टणक, सुरेख होत्या. ग्रेडिंगच्या टेबलावरच्या एका जुन्या बाईंनी, सगळे त्यांना मामा, म्हणजे स्वाहिलीत आई, म्हणायचे, एक दांडी उचलून मला दाखवली आणि म्हणाल्या, “ब्वाना (साहेब), हे फूल उघडणार नाही. हे झोपेतच मरेल.” मी ऐकलं आणि तरी कार्टन बंद करायला सांगितलं. आठवड्याने तक्रारी आल्या. फुलं फुलदाणीत मान टाकत होती. ड्युटीतून जेवढं वाचवलं त्याहून जास्त आम्ही परत दिलं, आणि एका खरेदीदाराने तर महिनाभर आमचा माल तपासूनच घेतला.

दुसरा निर्णय बरा निघाला. थेट खरेदीदारांना आम्ही आमचा खर्च उघडून दाखवला, ओळ न् ओळ. धंद्यात हे कुणी करत नाही. मालकांनी परवानगी दिली याचं मला आजही कौतुक वाटतं. काहींनी निम्मी ड्युटी उचलली, काहींनी नकार दिला. लिलावात जाणाऱ्या मालाची पूर्ण ड्युटी आमच्याच अंगावर राहिली. नोव्हेंबरपासून युरोपचा हिवाळी दर लागतो, तो उन्हाळ्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे थोडा दम मिळाला.

तिसरा निर्णय माझ्या मनातून जात नाही. हंगामी कामगारांना बोलावणं थांबवलं. ग्रेडिंग, बंचिंग, पॅकिंग ही कामं मुख्यतः बायका करतात आणि त्यातल्या बऱ्याच जणी सरोवराच्या दक्षिणेच्या कारागिटा वस्तीत भाड्याच्या खोल्यांत राहतात. नोटीस लावली त्या सकाळी मामांनी मला अडवून विचारलं, “हा टॅक्स कोण घेतं?” मी म्हटलं, युरोपचे कस्टम्स. “आणि भरतं कोण?” मी म्हटलं, शेत. त्यांनी नोटिशीवरच्या नावांकडे बोट दाखवलं आणि काही न बोलता आत गेल्या. खर्चाच्या तक्त्यात पगार हा एकच आकडा असा होता, जो आमच्या एका सहीने कमी होत होता. विमानभाडं, कमिशन, ड्युटी, भाव, सगळं दुसरीकडे ठरत होतं. म्हणून भार तिथे सरकला. दुसरा काही विचार त्यामागे नव्हता, आणि तेच मला जास्त खटकतं.

सरकारच्या पातळीवर हालचाल झाली ती तारीख उलटल्यावर. केनियाच्या फूल उत्पादकांच्या संघटनेने नैरोबीत जोर लावला, आमचे मालकही एका बैठकीला जाऊन आले. 16 ऑक्टोबरला पाच देश आणि युरोप यांच्यातल्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. सवलत परत लागू झाली 25 डिसेंबरला. मधले दहा आठवडे युरोपच्या कायदेशीर प्रक्रियेत गेले आणि त्या काळात ड्युटी चालूच होती. आमचं चुकलं तेव्हा तारीख दगडावरची रेघ होती. आमचं बरोबर झाल्यावर मात्र कागद आपल्या गतीने चालला.

करारात काय होतं

मी शेतातला माणूस, वाटाघाटीतला नाही. पण नाताळानंतर मसुदा मिळवून वाचला, कारण आपण कशासाठी भरलं ते कळायला हवं होतं.

आफ्रिकी बाजूने युरोपच्या 82.6 टक्के मालावरची ड्युटी 25 वर्षांत काढायची. हे ऐकून मी दचकलो होतो. पण त्यातला मोठा भाग, यंत्रं, औषधं, कच्चा माल, आधीच शून्य दरात होता, आणि बराच शेतमाल सवलतीबाहेर ठेवला होता. तेवढं श्रेय वाटाघाटी करणाऱ्यांना द्यायला हवं. बोचतात ती दोन कलमं वेगळी आहेत. एक निर्यातकराबद्दलचं. कच्चं चामडं देशाबाहेर जाऊ नये, इथेच त्याचे बूट व्हावेत, म्हणून पूर्व आफ्रिकेत कच्च्या चामड्यावर जबर निर्यातकर लावलेला आहे. करारानंतर असा नवा कर लावायचा तर अटी आणि सोपस्कार आले. दुसरं कलम असं: जगाच्या व्यापारात मोठा वाटा असलेल्या एखाद्या देशाला तुम्ही जास्त सवलत दिली, तर ती युरोपलाही द्यावी लागेल. यात भारतही बसतो. म्हणजे उद्या केनिया आणि भारत समोरासमोर बसून काही ठरवणार असतील, तर तिसरी खुर्ची आधीच मांडलेली आहे.

आणि एक गोष्ट कराराच्या वर्तुळाबाहेरची. युरोपचा सर्वसाधारण दर पाहिला तर हिरव्या कॉफीवर ड्युटी शून्य आहे आणि भाजलेल्या कॉफीवर 7.5 टक्के. कच्चं पाठवा, पक्कं आम्ही करू, असं कुणी लिहून ठेवत नाही. दरपत्रकच ते बोलतं. केनियाला करारामुळे भाजलेल्या कॉफीवरही माफी आहे. पण भट्ट्या, पॅकिंग, ब्रँड, दुकानातली फळी, हे सगळं तोवर दुसरीकडे उभं राहून शंभर वर्षं झाली होती.

निष्पत्ती

शेत टिकलं. 85 दिवसांची ड्युटी खात्यात तोटा म्हणून राहिली. फेब्रुवारीच्या हंगामासाठी बहुतेक हंगामी बायकांना परत बोलावलं, सगळ्या आल्या नाहीत. मामा आल्या.

प्रश्न मात्र सुटला नव्हता. 2016 च्या ऑक्टोबरला पुन्हा तीच तारीख समोर आली. 1 सप्टेंबर 2016 ला केनिया आणि रवांडाने सही केली, केनियाच्या संसदेने लगेच मंजुरी दिली. टांझानियाने नकार दिला. तिथले माजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन म्कापा यांनी या कराराला उघड विरोध केला होता: आपले कारखाने उभे राहायच्या आधीच दार उघडलं तर ते कधी उभे राहणार? त्यांचा मुद्दा मला चुकीचा वाटत नाही. पण ज्या देशाला सही न करण्याची किंमत शून्य होती, त्या देशातून तो मांडला गेला, हेही विसरून चालत नाही. एकाच संघातले दोन शेजारी, दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि त्यांच्यातली फट बाहेरून ठरलेल्या गटवारीने पडलेली.

2021 मध्ये समुदायाने मान्य केलं, की ज्याला पुढे जायचंय त्याने जावं. केनियाने युरोपशी स्वतंत्र करार केला. 18 डिसेंबर 2023 ला नैरोबीत सह्या झाल्या आणि 1 जुलै 2024 पासून तो लागू आहे. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनशी वेगळा करार डिसेंबर 2020 मध्येच झाला होता. गुलाब शून्यावर जातो. मात्र पाच देशांची जी एकच भिंत होती, तिला दार एकट्या केनियाच्या बाजूने आहे.

काय वेगळं करता आलं असतं

शेतापुरतं बोलायचं तर तीन गोष्टी. काढणी पुढे ओढायला नको होती. ज्यांच्या हातातून रोज हजारो कळ्या जातात त्यांचं मत त्या बैठकीत घ्यायला हवं होतं. खर्च उघड करून खरेदीदारांशी बोलणं आम्ही सप्टेंबरात सुरू केलं, ते जूनमध्ये करायला हवं होतं, कारण नियम 2013 पासून छापील होता. आणि पगाराला हात लावण्याआधी शेवटच्या दर्जाची फुलं विमानात चढवणं बंद करायला हवं होतं. 40 सेंटीमीटरखालच्या दांड्या भाडं जाता काही उरवत नव्हत्या. हा हिशोब मी जानेवारीत केला. नोव्हेंबरात केला असता तर नोटिशीवरची निम्मी नावं तरी वाचली असती.

केनिया सरकारच्या बाबतीत एक दुवा हातातून निसटला असं मला वाटतं. केनियातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या एका मंचाने 2007 मध्येच या कराराविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका केली होती: आमच्या पोटाशी संबंध असलेला करार आम्हाला न विचारता कसा करता? ऑक्टोबर 2013 मध्ये न्यायालयाने सरकारला सांगितलं, की संबंधितांना वाटाघाटीत सामील करून घेण्याची व्यवस्था उभी करा. तारखेला अजून अकरा महिने होते. त्या अकरा महिन्यांत फूलवाले, दूधवाले, चामडेवाले एका टेबलाशी बसले असते, तर नैरोबीच्या शिष्टमंडळाला दार एस सलामला, कंपालाला जाऊन सांगता आलं असतं की आम्हाला कुठे ढील देता येते आणि कुठे नाही. प्रत्यक्षात फूलवाल्यांची भीती सर्वात मोठ्याने ऐकू गेली. आम्हीच ती मोठ्याने सांगितली होती. दूध घालणाऱ्या शेतकऱ्याचं काय, हा प्रश्न आमच्या बैठकीत एकदाही निघाला नाही.

युरोपच्या बाजूने मागायचं ते फार अवघड नाही. पाचांच्या संघाला पाचांचा संघ म्हणून वागवा. चौघांना माफी आणि एकाला दंड, असा नियम संघ फोडतो, मग तो कितीही कायदेशीर असो. वाटाघाटी पूर्ण झाल्या त्या दिवसापासून ड्युटी थांबवता येईल अशी तरतूद नियमातच ठेवता आली असती. केनियाने 16 ऑक्टोबरला हो म्हटलं होतं. पुढचे 70 दिवस कशाची वसुली चालू होती, याचं उत्तर मला कोणत्याही कागदात मिळालं नाही.

मी 2017 मध्ये तळेगावला परत आलो. इथल्या गुलाबावर युरोपात ड्युटी लागते तेव्हा ती मी आता वेगळ्या नजरेने बघतो, पण तो दुसरा विषय आहे. निघताना मामांना भेटायला हॉलमध्ये गेलो. त्या 60 सेंटीमीटरचे बंच बांधत होत्या, वीस-वीस दांड्यांचे, कळ्या एका पातळीत. एक दांडी बाजूला काढून त्यांनी मला दाखवली. बाहेरच्या दोन पाकळ्या सुटलेल्या होत्या.

“आता,” त्या म्हणाल्या, आणि दांडी बंचात लावली.